पळता पाहुणा

पूर्वी पाहुण्याच्या सामानाचा अंदाज यायचा. कपड्यांची एक बॅग, खाऊची एक पिशवी, आणि मागच्या खेपेला लोणचं भरून नेलेली बरणी, ती परत करायची म्हणून. आता पाहुण्यांची एक नवी जात निघाली आहे. हिच्या सामानातून आधी बूट बाहेर येतात. तेही स्वतंत्र, जाळीच्या पिशवीतून. रंग पोपटी नाहीतर भगभगीत नारिंगी, तळवा बोटभर जाड. हा पाहुणा चपला उंबऱ्याबाहेर काढतो आणि बूट मात्र उचलून आत आणतो. किंमत कळल्यावर ते बाहेर ठेवायचा आपलाही धीर होत नाही. आमच्या आईनं एकदा ती विचारली. मनाशी थोडा हिशेब केला आणि म्हणाली, “एवढ्यात रेडी आली असती. दोन-तीन वर्षांत दूध सुरू.”

हा पळता पाहुणा. वय चाळीस ते पन्नास. मुक्काम मुंबई, ठाणे किंवा पुणे. पस्तिशीपर्यंत हा गृहस्थ लोकल सोडून कशामागेही पळालेला नसतो. मग एक दिवस ऑफिसच्या तपासणीत साखर काठावर निघते, सोसायटीतला एखादा मित्र रविवारी शिवाजी पार्कला घेऊन जातो, आणि तिथून पुढं घरच्यांना तो पहिल्यासारखा परत मिळत नाही. तो रात्री नऊला झोपतो. किलोमीटर न म्हणता ‘के’ म्हणतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारतो आणि ‘संडेला लाँग रन आहे’ असं कारण देतो, लग्न बुधवारी असलं तरी. तुम्ही तब्येत विचारली की ‘बरी आहे’ एवढं म्हणून थांबत नाही, विश्रांतीच्या वेळची नाडी सांगतो.

मुंबईत हे सगळं खपून जातं. तिथं समुद्राशेजारचे रस्ते आहेत, सपाट आणि सरळ. मुंबईच्या धावकाच्या आयुष्यात चढ म्हणावा असा एकच, पेडर रोड. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हा चढ परतीच्या वाटेवर येतो, पायातलं त्राण संपत आलेलं असताना. ही शर्यत २००४ पासून भरते आणि तेव्हापासून पेडर रोडविषयी ही मंडळी आवाज खाली घेऊन बोलतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिवे घाट चढणारी एखादी सत्तरीची माळकरी बाई यांनी कधी जवळून पाहिलेली नसते.

आमच्याकडे ही जात येते ती आमच्या हिच्या, म्हणजे बायकोच्या, मावसभावाच्या रूपानं. राहायला ठाण्यात, कामाला ऐरोलीला, मला दाजी म्हणतो. माणूस गुणी आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही, फक्त पळतो. आणि जाईल तिथं पळतो. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन व्हायच्या आधी त्याची रंकाळ्याला फेरी झालेली असते. चिपळूणला सासरी गेला तर मेव्हणीच्या लग्नाच्या सकाळी हा हळद लागायच्या आत आठ किलोमीटर करून येतो आणि मंडपात केळी शोधत हिंडतो. गाव पायाखाली घातल्याशिवाय कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आता कोल्हापूर आणि चिपळूण त्याला कळली असतील तर आनंद आहे. पण आमचं घर साताऱ्यात, माची पेठेत.

ज्यांनी सातारा पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं. पुस्तकात लिहितात, गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलंय. कुशीत वगैरे काही नाही. गाव उतारावर टेकलंय. खाली पोवई नाका, वर हजारेक फुटांवर किल्ला, आणि मधल्या घसरणीवर आम्ही. पोरांच्या हातून चेंडू सुटला तर तो पेठ बदलतो. आमच्याकडे क्रिकेटमध्ये किल्ल्याकडे फटका मारला की टाळ्या आणि राजवाड्याकडे मारला की शिव्या, कारण खाली गेलेला चेंडू आणायला जायचं कुणी, यावरच पुढचा डाव मोडतो. रिक्षावाला पेठेचं नाव ऐकून आधी ‘वर की खाली’ विचारतो आणि मगच भाडं सांगतो.

पुण्याचा पळता पाहुणा इथं हमखास फसतो. साताऱ्यातही त्याच्या ओळखीच्या वारांच्या पेठा आहेत. सोमवार, मंगळवार, शुक्रवार, शनिवार. तो मनातल्या मनात आपली मंगळवार पेठ धरून निघतो. आमची मंगळवार पेठ पुढं गेल्यावर डोंगराला लागते. ठाण्याच्या माणसाला निदान नावांचा मोह नसतो. त्याला मोह असतो फोनमधल्या नकाशाचा.

संध्याकाळी पाणी पिऊन झालं, सगळ्यांची चौकशी झाली, आणि त्याचा ठरलेला प्रश्न आला.

“दाजी, इथं सकाळी पळायला लोक कुठं जातात?”

“स्टँडवर,” मी म्हटलं. “पहिली स्वारगेट धरायला.”

तो मोठ्या मनानं हसला आणि त्यानं नकाशा उघडला. नकाशात सगळी गावं सपाटच असतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दर २० मीटर उंचीला एक रेघ मारलेली असते, आणि आमच्या पेठेच्या वर त्या रेघा ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. फोनवर यातलं काही दिसत नाही. तिथं माची पेठ ते किल्ला म्हणजे अर्धं बोट. त्या अर्ध्या बोटावरून त्यानं स्वतःचं बोट फिरवलं आणि जाहीर केलं, “सकाळी किल्ला करून येतो. जाऊन येऊन पंचेचाळीस मिनिटं. नाश्त्याला घरी.”

औरंगजेब १६९९ च्या डिसेंबरात याच किल्ल्याला वेढा घालून बसला होता. किल्ला हाती यायला १७०० चा एप्रिल उजाडला. त्याच्याकडे तोफा होत्या, सुरुंग होते, आणि चुकून आपल्याच माणसांवर बुरूज पाडून घेण्याइतकी दारू होती. आमच्या मेहुण्याकडे पोपटी बूट होते आणि दोन जेल. मी इतिहास काढला नाही. आल्या दिवशी पाहुण्याचं मन मोडू नये.

जेल म्हणजे काय हे आईला समजावून सांगताना तो थोडा अडचणीत आला. कारण तासाभरापूर्वीच त्यानं ताटलीतला कंदी पेढा ‘शुगर नको’ म्हणून परत केला होता. साताऱ्यात पेढा परत करणं म्हणजे काय हे त्याच्या बहिणीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता त्या चांदीच्या कागदाच्या पुडीत काय आहे, तर माल्टोडेक्स्ट्रिन आणि फ्रुक्टोज. ते कशाचं, तर एका परीनं साखरेचंच.

“म्हणजे पाक,” आई म्हणाली.

“पाक नाही मावशी, एनर्जी.”

“मग पेढ्यात काय आमी भुसा घालतो?”

पळत्या पाहुण्याचं खरं भांडण डोंगराशी नसतं, ते यजमानाच्या चहाशी असतं. पहाटे पाचला तो चोरपावलांनी माडीवरून उतरतो, कुणाची झोप मोडू नये म्हणून. पण साताऱ्याच्या घरातले लाकडी जिने चोराला फितूर नसतात. तिसऱ्या पायरीला आई उठते, पाचव्या पायरीला ही उठते, आणि तो खाली येईपर्यंत आधण चढलेलं असतं. त्याला रिकाम्या पोटी पळायचंय. पाहुण्याला रिकाम्या पोटी दाराबाहेर पाठवलं ही गोष्ट दिवस उजाडेपर्यंत पेठभर होईल याची घराला काळजी. शेवटी अर्ध्या कपावर तडजोड होते. हा अर्धा कप पुढं चढावर त्याच्याबरोबर वर-खाली करतो आणि त्याबद्दल तो ठाण्यात गेल्यावर बोलतो.

“अंधाराचं कुठं निघालास?” आईनं विचारलं.

“पळायला, मावशी.”

“कुणाच्या मागं?”

यानंतर जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. पण पाहायची गरजही नव्हती. साताऱ्यात पोपटी बूट घालून निघालेल्या माणसाची बातमी त्याच्या आधी घरी पोचते. थोडी दूधवाल्यानं आणली, थोडी पेपर टाकणाऱ्या पोरानं, आणि वरची सगळी शेजारच्या वहिनींनी, ज्या सडा टाकता टाकता दोन गल्ल्यांवर लक्ष ठेवू शकतात.

पहिल्या कोपऱ्यावरच त्याच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. पळत्या पाहुण्यांत सध्या ‘झोन टू’चं फार आहे. नाडी एका आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही, गप्पा मारता येतील इतकंच पळायचं. आमच्या पेठेत गप्पा मारता येतील असं पळायचं असेल तर उभं राहावं लागतं. घड्याळ वाजलं की तो चालायचा, थांबलं की पळायचा, पळाला की घड्याळ वाजायचं. असं तीनशे पावलं चाललं. तेवढ्यात एक स्कूटर त्याच्याशेजारी येऊन हळू झाली.

“काय झालं वो? कुणाला अ‍ॅडमिट केलंय का?”

“नाही, नाही. असंच.”

“बसा मागं, सोडतो.”

“नको. व्यायाम चाललाय.”

“मग ऱ्हाऊ द्या,” म्हणून तो माणूस जरा दुखावूनच निघून गेला.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या गावात सकाळी पळणाऱ्या प्रौढ माणसामागे काहीतरी कारण असावं लागतं. दवाखाना, एसटी, किंवा कुत्रं. पहिली दोन नाहीत म्हटल्यावर तिसरं आपोआप हजर होतं. परक्या गावात पळताना माणसांना पत्ता विचारता येतो, कुत्र्यांना ओळख द्यावी लागते. आमच्या पेठेतल्या कुत्र्यांना हद्दी नगरपालिकेपेक्षा नीट पाठ आहेत. एका गल्लीचं कुत्रं विजेच्या खांबापर्यंत सोडायला येतं, तिथं थांबतं, आणि पुढच्या गल्लीचं तिथून ताब्यात घेतं. भुंकण्यात खंड पडत नाही आणि कुणी आपल्या वाट्याबाहेर एक पाऊल टाकत नाही. रिले शर्यतीत बॅटन हाती देताना भल्याभल्यांचं चुकतं, यांचं कधी चुकत नाही. मेहुण्याचा त्या दिवसाचा सर्वांत जलद किलोमीटर या टप्प्यात नोंदला गेला, तोही चढावर. ‘झोन’ कुठला होता ते घड्याळालाही सांगता आलं नाही.

असा तो चार भिंतींपर्यंत पोचला. ही जागा गावाच्या वर आहे. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून ती बांधली असं सांगतात, पुढं तिथं १८५७ च्या वीरांचं स्मारक झालं. इथून सगळा सातारा खाली दिसतो. तो कठड्याला धरून उभा राहिला. फोटो काढतोय असं दाखवलं की श्वास घ्यायला वेळ मिळतो, ही युक्ती या जातीत सर्वांना ठाऊक असते. म्हणून तर त्यांच्याकडे सूर्योदयाचे इतके फोटो असतात.

तेवढ्यात खालून पाच-सहा पोरं आली. पायांत कॅनव्हासचे बूट, दोघं अनवाणी. ही भरतीची पोरं. सातारा जिल्हा फौजेत आणि पोलिसांत पोरं पाठवण्यात जुना. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत ५० गुण असतात, त्यांतले २० एकट्या १६०० मीटरच्या धावण्याला. म्हणून ही पोरं रोज पहाटे हा चढ काढतात. त्यांना ‘एलिव्हेशन गेन’ हा शब्द माहीत नाही. ते याला ‘वरनं येऊन’ म्हणतात.

त्यांतल्या एकानं बूट पाहिले आणि अदबीनं विचारलं, “सर, सोळाशे कितीत मारता?”

“मी सोळाशे नाही करत. मी एकवीस करतो.”

“एकवीसशे?”

“एकवीस किलोमीटर. हाफ मॅरेथॉन.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. “मग लागतं का त्याच्यावर कुठं?”

“लागतं म्हणजे?”

“नोकरीला वो.”

“नाही. मेडल मिळतं.”

“सगळ्यांत पहिल्याला?”

“नाही, जो पूर्ण करेल त्या प्रत्येकाला.”

यावर त्या पोरांना काय बोलावं कळेना. मग एकजण समजूत घातल्यासारखं म्हणाला, “असू द्या सर. हौस मोठी असती.” आणि ती पोरं किल्ल्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. मेहुणा म्हणतो, तो त्यांच्यामागे निघणारच होता, पण नाडी १७० वर होती.

या मुलखात धावण्याच्या गप्पा जपून मारायला हव्यात. ललिता बाबर इथलीच, माण तालुक्यातल्या मोहीची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत ती तीनदा पहिली आली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहावी. या शर्यतीत अडथळे ओलांडायचे असतात आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची असते. ज्या माण तालुक्यात वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहावी लागली, तिथल्या मुलीनं साऱ्या जगासमोर पाण्यावरून उड्या मारून दाखवाव्यात! हे मी मेहुण्याला आदल्या रात्री सांगितलं होतं. त्याला ते ठाऊक होतं. तिच्या वेळाही पाठ होत्या. या जातीला आकडे सगळे पाठ असतात.

तर किल्ला राहिला. ‘आज बॉडी ऐकत नव्हती’ असं त्याचं निदान. मग त्यानं शहाण्यासारखा विचार केला की चढ नको, आडवा रस्ता धरावा. आडवा रस्ता त्याला समर्थ मंदिराकडे घेऊन गेला आणि तिथून बोगद्यापाशी. साताऱ्याचा बोगदा हा साधा प्रकार नाही. तिथं फाटा फुटतो. एक वाट यवतेश्वरचा घाट चढून कासला जाते, ती समोरच उभी दिसते. दुसरी बोगद्यातून पलीकडे सज्जनगडाकडे जाते, ती दिसत नाही, कारण पलीकडे उतार आहे. कुठलाही समंजस माणूस कोणती निवडेल?

चढावर माणूस फसत नाही. चढ पहिल्या पावलाला खरं सांगून टाकतो. उतार गोड बोलतो. बोगदा ओलांडला आणि मेहुण्याचे पाय आपोआप सुटले. खाली उरमोडीचं खोरं, भातखाचरांवर धुकं, रस्ता मोकळा, कुत्री दोन्ही बाजूंना सभ्य अंतरावर. घड्याळ गप्प. किलोमीटरमागे पाच मिनिटं दहा सेकंद पडत होती आणि श्वास तर लागतच नव्हता. तो ठाण्यात कधी असा पळाला नव्हता. त्याला वाटलं, साताऱ्याची हवाच वेगळी. मग वाटलं, एवढ्या दिवसांची मेहनत आज फळाला आली. आपण उतारावर आहोत हे मात्र वाटलं नाही. उतरणाऱ्याला रस्ता सपाटच वाटतो. तीस वर्षं मी सायकल मारली त्या रस्त्यानं, तेव्हा हे पोटऱ्यांकडून सांगतो.

दुसरं जेल संपलं तेव्हा तो वळला. आणि आतापर्यंत जो रस्ता त्याच्या पायाखालून गेला होता तो आता त्याच्यासमोर उभा राहिला. वर, खूप वर, बोगद्याची खिंड. त्याच्याजवळ पाणी नाही, पैसे नाहीत, फोन फोटोंनी संपवलेला. ‘पंचेचाळीस मिनिटं, नाश्त्याला घरी’ याला आता दीड तास झाला होता, आणि घरी ही पोह्यांवर तिसऱ्यांदा पाण्याचा हबका मारत होती.

सुमारे अर्धा किलोमीटर तो पळाला. पुढचा एक तो चालला. मग एका मोरीवर बसला. तिथं त्याला दुधाच्या टेम्पोवाल्यानं पाहिलं. टेम्पोवाल्यानं विचारपूस केली नाही, फक्त म्हणाला, “मागं जागा हाय, क्यान धरून बसा.” साताऱ्याचा हा गुण आहे. माणूस कुठल्या अवस्थेत का बसलाय हे विचारत बसत नाहीत, आधी गाडीत घालतात. विचारतात पुढं, चौकात, चार लोकांसमोर.

या गडबडीत घड्याळ बंद करायचं राहिलं. त्यामुळे ठाण्यातल्या त्याच्या मित्रांना त्या सकाळी फोनवर असं दिसलं, की आपला गडी सह्याद्रीत पळायला गेला, उतारावर बरा पळाला, मग बराच वेळ मंदावला, आणि त्यानंतर भर घाटात, चढावर, त्यानं एक किलोमीटर दीड मिनिटात काढला. एकजण तर त्यावर ‘बीस्ट’ असं लिहून मोकळा झाला. मेहुण्यानं तो भाग नंतर प्रामाणिकपणे कापून टाकला, हे सांगायला हवं. पळता पाहुणा बायकोला रविवारी कुठं जेवलो ते खोटं सांगेल, पण त्या नोंदीत खोटं ठेवणार नाही.

पोहे त्यानं तीन बशा खाल्ले. पेढे किती खाल्ले ते हिनं मोजलं, पण मला सांगितलं नाही. माहेरचा माणूस आहे.

खरी मजा तिसऱ्या दिवशी. चढताना स्नायू आखडून जोर लावतात, दमतं ते हृदय आणि फुप्फुस, आणि तासाभराच्या विश्रांतीत ती दोन्ही वळणावर येतात. उतरताना उलटं. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलतात, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात, त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होते, आणि ते दुखणं त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी कळतं. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत १९२१ पासून चालते. ती बहुधा एक वर्षी डर्बनहून वर पीटरमॅरिट्झबर्गला जाते आणि पुढच्या वर्षी तिथून खाली येते. जाणते सांगतात, खाली यायचं वर्ष मांड्यांना जास्त महाग पडतं. हे सगळं मला मेहुण्यानंच सांगितलं, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून. कारण त्याला खाली येता येत नव्हतं.

आमच्या माडीचा जिना आधीच उभा. त्यानं एक पाय खाली टाकला, मांडी थरथरली, पाय परत घेतला. मग पाठमोरा झाला आणि शिडी उतरावी तसा, कठडा धरून, एकेक पायरी उलटा उतरू लागला. खाली आई बसली होती.

“चढताना दुखतं?” तिनं विचारलं.

“नाही मावशी. उतरतानाच.”

“मग वरच ऱ्हा. ताट वर पाठवते.”

शेवटी तिनं खोबरेल कोमट करून दिलं आणि गरम पाण्यानं शेकायला लावलं. त्याच्या बॅगेत मांडीवर लाटायचं एक रबरी लाटणंही निघालं. ते आईला फार आवडलं. पुढचे दोन दिवस ते तिच्या गुडघ्यांखाली होतं.

मला वाटलं, झालं. आता हा साताऱ्याला आला तरी बूट ठाण्यात ठेवून येईल. पण या जातीची मला अजून पुरती ओळख नव्हती. पळत्या पाहुण्याला जिथं दुखलं ते गाव आवडतं. त्यानं परत गेल्यावर मित्रांत साताऱ्याचं असं वर्णन केलं की मी स्वतः इथं राहतो याचा मला अभिमान वाटला. आणि मग त्याला सातारा हिल हाफ मॅरेथॉन सापडली. ही शर्यत आमच्याकडे २०१२ पासून पावसाळा सरता सरता भरते. त्याच वर्षी पश्चिम घाटाबरोबर आमचं कासचं पठारही जागतिक वारशाच्या यादीत गेलं. फुलं पाहायला येणारे आणि पळायला येणारे दोघंही एकाच वर्षी सुटले म्हणायचे. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जाऊन वळायचं आणि सगळं चढलेलं उतरायचं. डोंगरी शर्यतीत सर्वांत जास्त माणसं पळाली म्हणून २०१५ साली तिचं नाव गिनीज बुकात गेलं.

त्या रविवारी गाव पहाटेपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं असतं. ढोल असतो, लेझीम असतं, शाळेची पोरं असतात. भाबडे प्रोत्साहन देतात, ‘चला, चला, आलंच आता.’ आलेलं काही नसतं, दोन वळणं सोडून घाट सुरू व्हायचा असतो. जाणते फक्त बूट बघतात आणि आपसांत बोलतात. आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याची नजर इतकी बसली आहे की हा पहिल्या वळणाला चालणार, हा यवतेश्वरच्या कमानीला, हे तो चुना लावता लावता सांगतो. गेल्या खेपेला एका धापा टाकणाऱ्या, नंबर लावलेल्या माणसाला एक म्हातारी कळकळीनं म्हणाली, “चाल की जरा लेकरा. रस्ता कुठं पळून चाललाय?” तो थांबला, तिच्या पाया पडला आणि खरंच चालू लागला.

काल मेहुण्याचा फोन आला. नोंदणी झाली. एकटा नाही, मित्र मिळून चौघं येताहेत. हॉटेलं भरली आहेत, तेव्हा दाजी, दोन रात्री. मी ‘या’ म्हटलं. ही गाद्या मोजायला माडीवर गेली आणि तिथून तिनं विचारलं, चौघांची सोय वर करायची की ओसरीवर.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “खालीच अंथर गं चौघांना. आणि चहा रात्रीच पाजून ठेव.”